दुखणं बोटात, मूळ कोपराखाली

आपल्या समूहावर जुन्या घरांच्या, शाळांच्या, जत्रांच्या आठवणी येतात. मी आज बोटांविषयी लिहितोय. विषय किरकोळ वाटेल. पण सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी असतात, आणि बहुतेक जण 'वय झालं' म्हणून गप्प बसतात. त्यांच्यासाठी हे.

मी मूळचा हरमलचा, पेडणे तालुका. म्हापशाला बी.कॉम. केलं, १९७३ साली बँकेत लागलो आणि ३८ वर्षं नोकरी करून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आमची नोकरी म्हणजे सगळा बोटांचा कारभार. दिवसभर लेजरमध्ये आकडे लिहायचे, ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजायच्या. शंभर नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचं बंडल. पाकिटांना जाड पिना मारलेल्या असत, त्या उचकटताना बोटं सोलवटायची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना मारणं बंद करायला लावलं, तेव्हा आमच्या कॅशियरांनी सुटकेचा श्वास सोडला. एवढं करूनही नोकरीत असताना बोटं कधी कुरकुरली नाहीत.

कुरकुरली ती दोन वर्षांपूर्वी. पावसाळा संपल्यावर घरामागची वाढलेली झुडपं मी स्वतः काढायला घेतली. आठ-दहा दिवस हातात कोयता आणि मोठी कात्री. त्यानंतर उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका सकाळी ताठ राहू लागली. शर्टाचं बटण लावताना कळ, कुलपात किल्ली फिरवताना कळ. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो, तर काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, सही जुळत नाही हो." सही जुळत नाही म्हणून जन्मभरात मी किती चेक परत पाठवले असतील! तिसऱ्यांदा केलेली सही त्याने चालवून घेतली.

मला धास्ती वेगळीच होती. माझ्या आईची बोटं शेवटी वाकडी झाली होती. आदोळीवर बसून दोन-दोन नारळ सहज खवणारी बाई, पण अखेरची वर्षं तिला घास भरवावा लागला. आता आपली पाळी, असं मनाने घेतलं. एक्स-रे काढला, रक्त तपासलं. सांध्यांची वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. तेल चोळलं, मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून बसलो. सगळे उपचार बोटांवर, आणि फरक शून्य.

शेवटी म्हापशाला एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तरुण मुलगी. तिने बोटांना हातसुद्धा लावला नाही. तळवा खाली करून हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि कोपराच्या खाली तीन-चार बोटांवर, वरच्या बाजूला चाचपत गेली. एका जागी सुतळीसारखा ताठ पट्टा लागला. तिने तिथे दाबलं आणि अनामिकेत तीच कळ उठली, रोज सकाळची. "काका, हेच का तुमचं दुखणं?" मी बघतच राहिलो.

तिने जे समजावलं, ते नंतर वाचूनही पडताळलं. आपल्या बोटांत हाडं, सांधे आणि दोऱ्या असतात. बोट वाकवणारे, उघडणारे स्नायू तिथे नसतातच. काही छोटे तळहातात असतात आणि ताकदीचे सगळे कोपराखाली. तिथून लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. त्यांना कंडरा म्हणतात. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवा. हात हलतो बाहुलीचा, पण ओढणारा वर बसलेला असतो. खात्री करायची तर एक हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताने कोपराखाली हलकं धरा आणि एकेक बोट उचला. आत स्नायू हलताना जाणवेल.

या स्नायूवर ताण पडला की त्यात दाबल्यावर दुखणारी गाठ तयार होते. तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. तिचं दुखणं मात्र लांब उमटतं. खातं एका शाखेत आणि चेक वटवायला दुसऱ्याच शाखेत, तसं. हृदयाचं दुखणं डाव्या हातात येतं, हे आपण ऐकलेलं असतंच. १९३८ साली लंडनमध्ये केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी स्नायूत मिठाचं पाणी टोचून, दुखणं दुसरीकडे कसं उमटतं ते दाखवलं. पुढे जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरबाईंनी अशा गाठींचे नकाशेच तयार केले. अध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या त्या याच. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. गाठ म्हणजे नेमकं काय, यावर डॉक्टरांत अजून मतभेद आहेत, आणि ती एक्स-रेत दिसत नाही. शोधायची ती बोटाने चाचपूनच.

मला सांगितलेला उपाय बिनपैशाचा. आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी. मग दुखरी जागा शोधून, सोसेल एवढाच दाब देऊन, कोपराकडे सावकाश आठ-दहा वेळा चोळायचं. दिवसातून तीन वेळा. अंगठा दुखत असेल तर भिंत आणि हात यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरायचा. नंतर कोपर सरळ ठेवून मनगट खाली वाकवायचं आणि वीस-तीस सेकंद तसंच धरायचं. आणि मुख्य म्हणजे कोयता काही दिवस खुंटीला. मोबाइल एका हातात धरून अंगठ्याने तासभर चाळणंही बंद, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. तीन आठवड्यांत सकाळचा ताठरपणा बराच गेला. सांध्यांची झीज आहे तेवढी आहेच, पण बटणं लागतात.

पण प्रत्येक बोटदुखी अशीच असते असं समजू नका. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील, तर मनगटात नस दाबली गेलेली असू शकते. बोट वाकल्यावर अडकून टक्कन सुटत असेल, तर तो ट्रिगर फिंगर. नाव सारखं, दुखणं वेगळं, आणि मधुमेह्यांत ते जास्त आढळतं. दोन्ही हातांचे सांधे सुजून सकाळी तासाच्या वर ताठ राहत असतील, तर संधिवाताची तपासणी हवीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी जोरात दाबू नये. आधी डॉक्टर, मग चेंडू.

आमच्या हरमलच्या किनाऱ्यावर आता पावलापावलावर मसाजच्या पाट्या आहेत, पण त्याच वाळूत बसून जाळी सांधणारे आमचे शेजारी बोटांना बाम फासत बसलेले असतात. परवा त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "खंय दुखता?" त्याने बोट पुढे केलं. मी कोपराखाली दाबलं. तो ओरडला आणि मग हसला. आता संध्याकाळी आम्ही दोघं माझ्या ओसरीच्या भिंतीला चेंडू लावून उभे असतो. येणारे-जाणारे बघून हसतात. हसू देत.

तुमच्या घरी कुणाची बोटं दुखत असतील तर आज त्यांच्या कोपराखाली जरा चाचपून बघा, आणि काय सापडलं ते इथे जरूर लिहा.