भट्टीवरचा जन्म

भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. त्या वाटेवरील हिर्डोशी येथे गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांकडे आम्ही चार दिवस मुक्कामास होतो. पाऊस हटेना, म्हणून ओसरीवर बसून होतो. तेथे एक कातकरी तरुण प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. पिशवीत आईबापांचे जुने रेशनकार्ड आणि एका अर्जाची झेरॉक्स, एवढेच कागद. आमचे स्नेही त्याला नवा अर्ज लिहून देणार होते.

आम्ही वय विचारले. महाडकडे दरडी कोसळल्या, त्या पावसानंतरच्या हंगामात आपण जन्मलो, असे त्याने वडिलांकडून ऐकले होते. म्हणजे 2005 चा पावसाळा. पुढच्या हिवाळ्यात उचल घेऊन गेलेल्या आईबापांच्या झोपडीत, परजिल्ह्यातील कोळशाच्या भट्टीपाशी हा जन्मला. "मग बापाने नोंद का केली नाही?" आमच्या तोंडून निघून गेले. "साहेब, बाप उचल फेडत व्हता," एवढेच तो म्हणाला.

वाचकहो, तो प्रश्न विचारण्याचा आम्हांला काय अधिकार होता? आमचे आजोबाही घरातच, सुईणीच्या हाती जन्मले. पण आठवड्याभरात बाप्तिस्मा झाला आणि आईबापांची, धर्मपिता-धर्ममातेची नावे चर्चच्या रजिस्टरात चढली. शाळेपासून नोकरीपर्यंत तोच उतारा त्यांना पुरला. त्यात आमच्या घराण्याचे कर्तृत्व काहीच नव्हते; पुस्तक कोणीतरी जपून ठेवले होते, इतकेच.

कायदा या मुलाच्या विरुद्ध आहे, असे नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात उशिराच्या नोंदीची सोय आहे. वर्ष उलटून गेल्यास पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. 2023 च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकारी आणि त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला. मात्र नोंद जन्म झाला त्याच ठिकाणच्या दप्तरात व्हावयाची. हिर्डोशीत त्याला ओळखणारी माणसे आहेत. जिथे तो जन्मला, तिथे कोणी नाही. त्यात परदेशी घुसखोरांनी असे दाखले मिळवल्याच्या तक्रारींवरून राज्य सरकारने 2025 साली हे नियम अधिक कडक केले. सरकारची काळजी आम्ही समजू शकतो. पण चाळणी बारीक झाली की प्रथम अडकतो तो ज्याच्यापाशी कागदच नाही तो.

शाळेचेही असेच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. याला कोणी नाकारलेही नव्हते. जूनमध्ये नाव पटावर यावयाचे, दिवाळीनंतर आईबापांसोबत भट्टीवर जावयाचे. तिसऱ्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच.

अमेरिकेत हाच प्रश्न देशाच्या सीमेवर उभा राहिला. आईबापांनी विनापरवाना आणलेल्या मुलांना शाळेत घ्यावे की नाही? टेक्सासचा कायदा नको म्हणत होता. 15 जून 1982 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा लेकरांना नको, हा त्यातला गाभा. बरोबर तीस वर्षांनी, 15 जून 2012 रोजी, सोळा वर्षांच्या आत आणलेल्या अशा मुलांना दोन-दोन वर्षांचे अभय आणि कामाचा परवाना देणारी योजना जाहीर झाली. तिच्यात नागरिकत्व नव्हते. 2021 साली टेक्सासमधील संघीय न्यायालयाने नव्या मंजुऱ्याही रोखल्या. गंमत अशी की, आपल्याकडील नोकरदारांची रीतसर व्हिसावर गेलेली मुले या योजनेत बसत नव्हती; एकविसावे वर्ष लागले की आईबापांच्या व्हिसावर राहण्याचा त्यांचा हक्क संपतो.

आमचा हा कातकरी मुलगा देशाची नव्हे, केवळ जिल्ह्याची हद्द ओलांडून आला. तरी त्याला जातीचा दाखला हवा, तर कुटुंबाचे 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागणार. पिढ्यान्‌पिढ्या काथ आणि कोळसा करीत रानोमाळ हिंडलेल्यांनी ते कोठून दाखवावे? आदिम जमातींसाठी 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत वाड्यांवर दाखल्यांची शिबिरे झाली. त्या दिवसांत हा भट्टीवर होता.

अर्ज लिहून झाला. जन्मस्थळाच्या रकान्यापाशी स्नेह्यांची लेखणी थांबली. मुलाने वडिलांना बोलावून आणले. गावाचे नाव म्हाताऱ्याला धड सांगता येईना. ओढा आठवत होता, काठावरचा आंबा आठवत होता, मुकादमाचे नाव आठवत होते. पाऊस उघडला की बापलेकांनी तो ओढा शोधावयास जावे, असे ठरले. स्नेह्यांनी तो रकाना कोरा ठेवून कागद मुलाच्या हाती दिला.