तेरा किलोचा आकाशकंदील

२०१४च्या दिवाळीत मी इंटरनेटवर पहिल्यांदा काहीतरी विकलं. बांबूच्या काड्यांचा, पातळ कागदाचा, खाली झिरमिळ्या सोडलेला आकाशकंदील. आमच्या वाड्यात लागायचा तसा. बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राम अशा ठिकाणी नोकरीला गेलेल्या मराठी माणसांना असा कंदील तिथे मिळत नसणार, हा माझा अंदाज. तो इतका बरोबर निघाला की पंधरा दिवसांत साठ मागण्या आल्या. कंदिलाची किंमत साडेसहाशे, वजन जेमतेम चारशे ग्रॅम. कागद चेपू नये म्हणून चाळीस सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि तेवढ्याच उंच खोक्यात एकेक बसवला आणि कुरियरवाल्याच्या हवाली केला. पाठोपाठ बिल आलं. प्रत्येक खोक्यापुढे वजन लिहिलं होतं तेरा किलो.

मी भांडायला गेलो. काउंटरवरच्या मुलानं न चिडता कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला. हलका पण अवाढव्य माल गाडीतली जागा खातो, म्हणून कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक जण त्याला ५०००ने भागतात. हे झालं ‘व्हॉल्यूमेट्रिक’ वजन. ते आणि काट्यावरचं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. चाळीसचा घन चौसष्ट हजार, भागिले ५००० म्हणजे १२.८, आणि पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत ओढून तेरा. बरोबर होतं त्याचं. साठ घरांच्या गॅलऱ्या उजळल्या आणि प्रत्येक कंदिलामागे मी पदरचे पैसे घातले. त्या वर्षी पाडव्याची ओवाळणी उसनवारीवर झाली.

ज्याला गिऱ्हाईक होतं, स्पर्धा नव्हती आणि ज्याच्यावर माझं प्रेम होतं, तो धंदा मला बुडवून गेला. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आता तोच माझा व्यवसाय आहे. ऑनलाइन दुकान काढू पाहणारी माणसं येतात आणि काय विकावं ते विचारतात. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळा काय विकू नये एवढंच सांगतो.

या धंद्यात सगळे ‘निश’ हा शब्द वापरतात. त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. मला आपला कोनाडाच बरा वाटतो, कारण त्यात पणती मावते, समई मावत नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. येणारा माणूस मात्र समई घेऊनच येतो. ‘मसाले विकायचेत.’ कुणाला? ‘सगळ्यांनाच लागतात की!’ सगळ्यांनाच लागणारी वस्तू सगळेच विकतात, आणि त्यांतले काही जण तोटा सोसून वर्षभर विकू शकतात. तुम्हाला तसं परवडत नाही.

कोनाड्याचा शोध कुठे घ्यायचा, याची मला सापडलेली उत्तरं फार चमकदार नाहीत. मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर जाऊन मी अभिप्राय वाचतो. पाच ताऱ्यांचे वाचत नाही, ते आप्तांचेही असू शकतात. एका ताऱ्याचे बहुधा रागाचे असतात, पार्सल उशिरा आलं वगैरे. मी तीन ताऱ्यांचे वाचतो. तीन तारे देणाऱ्याला वस्तू हवी असते, आवडलेलीही असते, पण कुठेतरी खुपत असतं: ‘साचा छान आहे, पण मोदक फार छोटे होतात.’ हे ‘पण’ मी गोळा करतो.

दुसरं, माणसं शोधपट्टीत नेमकं काय टाइप करतात ते बघतो. मराठी माणूस मराठी वस्तू रोमन लिपीत शोधतो आणि प्रत्येकाचं स्पेलिंग स्वतंत्र. सोऱ्या हा शब्द मी पाच तऱ्हांनी लिहिलेला पाहिलाय, शिवाय ‘चकली मेकर’ आहेच. पुण्याचं उलथनं विदर्भात सराटा होतं. विकणाऱ्यानं एकच नाव लिहिलं तर अर्धं गिऱ्हाईक दारावरून निघून जातं. आणि गूगल ट्रेंड्स बघणाऱ्यांना एक विनंती: तिथला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळातलं शिखर १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. मोदकाच्या साच्याचा आलेख भाद्रपदात १०० आणि एरवी जमिनीवर. त्या सुळक्याकडे बघून लोक माल भरतात आणि पुढचे अकरा महिने तो माल पलंगाखाली झोपतो.

पण मला शिकवलं ते सांगलीच्या एका दुकानानं. माझ्या मित्राचं भांड्यांचं दुकान. धंदा बसत चाललेला, म्हणून वहिनींनी स्टीलचे डबे ऑनलाइन विकायचं ठरवलं होतं. डबा! आत सगळी हवा. मी कंदिलाची गोष्ट सांगितली, पण त्यांना पटलं नाही. मग मी दुपारभर गल्ल्याशेजारी बसून राहिलो. येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना मित्र एकच शब्द सांगत होता, ‘नाही.’ तेही मान वर न करता, पिढीजात सवयीनं. मी म्हटलं, ‘वहिनी, एक वही घाला. विकलेल्या मालाची नको. जो नाही म्हणून सांगितलात, त्याची.’

महिन्याभरानं ती वही पाहिली आणि मी खुर्ची पुढे ओढली. बंद झालेल्या मॉडेलच्या कुकरचं गॅस्केट. शिट्टी. झाकणाची मूठ. मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर. पुरणयंत्राची एक जाळी. सोऱ्याची हरवलेली चकती. अख्खी वस्तू शाबूत, आणि वीस-पन्नास ग्रॅमच्या तुकड्यावाचून अडलेली. नवा कुकर घ्यायला कुणाची ना नव्हती, पण आईचा कुकर टाकवत नाही अशी माणसं होती त्यात. गॅस्केट लिफाफ्यात मावतं, फुटत नाही, नासत नाही. आणि ज्याची आमटी अडलीय तो वीस रुपयांसाठी घासाघीस करत नाही.

वाटलं, झालं काम. नव्हतं. पहिल्या दोन महिन्यांत तीन लिफाफ्यांपैकी एक परत यायला लागला, माप चुकलं म्हणून. हिशोब मांडून दाखवतो, आकडे तेव्हाचे. विक्री १९९. त्यातून खरेदी ६०, कुरियर ६०, पाकीट ६, पैसे गोळा करण्याचं शुल्क ५. उरले ६८. परत आलेल्या लिफाफ्यावर जाता-येताचं भाडं १२० आणि पाकीट ६, म्हणजे १२६ गेले. दोन विक्रींची कमाई १३६. तीन लिफाफे पाठवून हाती दहा रुपये. मागणी आहे की नाही हे सगळेच बघतात. धंदा टिकतो की नाही, ते परत येणाऱ्या पार्सलांवर ठरतं, आणि तिकडे कुणी आधी बघत नाही.

दोष गिऱ्हाइकाचा नव्हता. ‘पाच लिटरचं द्या,’ असं लोक सांगायचे. पण पाच लिटरचा कुकर उंच असतो, बसकाही असतो; झाकण आतून बसणारं असतं, बाहेरूनही बसणारं असतं. लिटर तेवढेच, गॅस्केट वेगळं. जुनं गॅस्केट मोजायला सांगितलं तर ते वापरून सैल पडलेलं. शेवटी तोडगा वहिनींनीच काढला: मागणी नोंदवल्यावर कुकर उलटा करायचा आणि बुडाचा फोटो पाठवायचा. तिथे कंपनी, लिटर सगळं उमटवलेलं असतं. शेजारी झाकणाचा एक फोटो, त्यावर शाळेची पट्टी ठेवून. आज वहिनींच्या व्हॉट्सॲपवर घरच्यांचे फोटो कमी आणि कुकरची बुडं जास्त आहेत. ‘भाऊजी, मी आता बूड बघून घर कसं असेल ते सांगते,’ असं त्या म्हणतात. परतीचं प्रमाण नगण्य झालं. मोठे विक्रेते या भानगडीत पडत नाहीत, कारण प्रत्येक फोटो माणसानं बघावा लागतो. तोच कंटाळवाणा भाग वहिनींची तटबंदी झाला.

हे सांगतो तेव्हा एखादा पुस्तकं वाचलेला तरुण मला ‘लाँग टेल’ ऐकवतो. क्रिस अँडरसन यांनी २००४मध्ये ‘वायर्ड’ मासिकात ही कल्पना मांडली, २००६मध्ये तिचं पुस्तक झालं. दुकानाच्या फळीला मर्यादा असते, इंटरनेटवर नसते. म्हणून क्वचित खपणाऱ्या असंख्य वस्तूंची लांबलचक शेपटी मिळून मोठा बाजार होतो. ॲमेझॉननं १९९५मध्ये पुस्तकांपासूनच सुरुवात केली त्यामागेही हेच होतं, छापील पुस्तकं इतकी की ती सगळी ठेवणारं दुकान बांधताच येत नाही. कल्पना खरी आहे. पण ती शेपटी ज्याच्या मालकीची आहे, त्याच्यासाठी खरी. शेपटीवरचा एकेक केस विकणाऱ्याचं काय? हार्वर्डच्या अनिता एल्बर्स यांनी २००८मध्ये संगीत आणि चित्रपटांच्या विक्रीचे आकडे तपासून या कल्पनेवर आक्षेप घेतला होता. शेपटी लांबते, पण ती फार बारीक असते. हा वाद मी कुणाच्या बाजूनं लढत नाही, मात्र पुण्यातला माझा एक मित्र त्या बारीक टोकावर बरीच वर्षं बसला होता.

तो जुने दिवाळी अंक विकायचा. १९०९मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा हा ढीग. सुरेख माल, जाणकार गिऱ्हाईक. पण प्रत्येक अंकाची एकच प्रत. मुखपृष्ठाचा फोटो काढा, अनुक्रमणिका टाइप करा, कुठलं पान फाटलंय ते लिहा. तास-पाऊण तास गेला की दीडशे रुपयांना विक्री, आणि दुसऱ्या अंकासाठी पुन्हा पहिल्यापासून. गॅस्केटचं पान एकदा लिहिलं की हजार वेळा विकतं. याचं पान एकदाच. शिवाय संग्राहक म्हणजे जगातलं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक, त्याला मालाची किंमत विकणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मित्रानं माल बदलला नाही, गिऱ्हाईक बदललं. आता त्याच्याकडे एकच पान आहे: तुमच्या वडिलांच्या जन्मसालाचा दिवाळी अंक, एकसष्टीला भेट. खाली एक रकाना, कोणतं साल? अंक तोच, कधी कधी तीच फाटकी प्रत. पूर्वी संग्राहक दीडशेवरून शंभरावर यायला सांगायचा. आता मुलगी किंवा पुतण्या सातशे रुपये देऊन वर वेष्टन चांगलं घाला म्हणतो. अनुक्रमणिका कुणी विचारत नाही. मला स्वतःला याचं थोडं वाईट वाटतं, पण मित्राच्या घरभाड्याला वाटत नाही.

मागणीच्या लाटेचं मात्र मला भय वाटतं. जून २०२५मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. उगमाचा उल्लेख नव्हता म्हणून गदारोळ झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९पासून आहे. पुढच्या महिन्यात माझ्याकडे चार जण आले, चौघांना कोल्हापुरी विकायची होती. चामड्याची कोल्हापुरी पहिल्यांदा चावते, मग सैलावते. अशी वस्तू न घालता, फोटो बघून मागवणाऱ्याला विकायची! तिघांना मी घरी पाठवलं. चौथ्याच्या स्वतःच्या पायाचा नंबर बारा होता आणि त्याला आयुष्यात चप्पल धड मिळाली नव्हती. त्याला बसवून घेतलं.

आणि एकाच रस्त्यावर उभं राहू नये, हे त्याच वर्षी अमेरिकेला फराळ पाठवणाऱ्यांना कळलं. अमेरिकेनं कमी किमतीच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली. नव्या नियमांत कर कुणी, कसा गोळा करायचा ते स्पष्ट नव्हतं, म्हणून भारतीय टपालखात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरला. भाजणी दळून बसलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. खासगी कुरियरचा दर चकलीला झेपत नाही.

कागदपत्रांचं पुराण मी इथे लावत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा तर, काही हस्तकला सोडल्या, जीएसटी नोंदणी लागते आणि खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची. दोन्ही कामं वाटतात तितकी अवघड नाहीत. लोक नोंदणीत महिना घालवतात आणि खोकं मोजायला दहा मिनिटं देत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

परवा वहिनींचा फोन आला.

‘भाऊजी, सोऱ्याची चकती. पितळी सोऱ्या, आजीच्या वेळचा. चकलीचीच हरवते हो प्रत्येकीची.’

‘वहीत किती झाल्या?’

‘श्रावणापासून नऊ.’

पितळेची चकती लेथवर कातून मिळते, एक माणूस माझ्या माहितीत आहे. पत्रा स्वस्त नाही, पण चकती पाकिटात मावते. मी कागद ओढून आकडे मांडायला लागलो आणि विचारलं, माप काय आहे?

‘नऊ जणींची नऊ मापं, भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘फोटो मागवलेत. पट्टी ठेवून.’