षड्ज कुणी धरायचा?

कीबोर्डवरच्या साध्या स्ट्रिंग्ज पॅचमध्ये प्रत्येक पट्टीमागे अख्ख्या सेक्शनचं ध्वनिमुद्रण असतं. सेक्शन १६ व्हायोलिनांचा असेल, तर तीन पट्ट्या दाबताच ४८ व्हायोलिनं वाजू लागतात. आवाज फुगतो आणि खोटा वाटतो. खऱ्या वाद्यवृंदात १६ जण १६च राहतात. सूर वाढले की ते आपसांत वाटून घेतात.

२००९मध्ये आलेल्या ‘एलए स्कोअरिंग स्ट्रिंग्ज’ या संगणकावरच्या ध्वनिसंग्रहात सेक्शन छोट्या गटांत वेगवेगळा रेकॉर्ड केलेला होता, आणि कुठला सूर कुठल्या गटाला द्यायचा हे वाजवताना प्रोग्रॅमच ठरवू शकत होता. आता असे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. बहुतेकांचा नियम साधा: सगळ्यात वरचा सूर पहिल्या व्हायोलिनांना, त्याखालचा दुसऱ्यांना, मग व्हिओला, चेलो. बोटं कधीच नेमकी एकाच क्षणी पडत नाहीत, म्हणून काही प्रोग्रॅम सेकंदाचा अगदी बारीक अंश थांबून मग वाटप करतात.

रत्नागिरीत मी नाटकांसाठी आणि भजनांच्या रेकॉर्डिंगसाठी संगीत संयोजन करतो. आमच्या चालींना हा नियम एका जागी हमखास अडतो. व्हिओलांनी षड्ज धरलेला आहे, व्हायोलिनं चाल वाजवताहेत आणि चाल मंद्रातल्या धैवतावर उतरते. प्रोग्रॅमला फक्त वरखालचा क्रम दिसतो. आता षड्ज वर आला, म्हणून तो व्हायोलिनांकडे जातो आणि चाल व्हिओलांच्या हाती पडते. ओळीच्या मध्यावर गायक बदलावा तसं होतं ते! आपल्या संगीतात षड्ज जागा सोडत नाही. म्हणून त्याला मी वेगळा चॅनेल देतो आणि वाटपातून बाहेर ठेवतो. मींडीचंही तसंच. चाल स्वतंत्र चॅनेलवर असली, तरच पिच बेंडनं एकटी चाल घसरते; नाहीतर खालचा षड्जही तिच्यामागे ओढला जातो.

मुंबईच्या चित्रसंगीतात हे वाटप गोव्याच्या अरेंजरांनी हातानं केलं. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयात मोठा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला बोलावलं. पेटीवर ऐकलेली चाल कागदावर उतरवायची आणि प्रत्येक वादकाचा पार्ट लिहायचा, हे या लोकांचं रोजचं काम. पार्ट लिहिताना एकेका वादकाची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहते: आधी तो कुठल्या सुरावर होता, पुढे कुठे जाणार. प्रोग्रॅमला हे ठाऊक नसतं, आणि माझ्या मते वाटपाचं सगळं मर्म त्यातच आहे.

ब्रासचे ठोके, शेवटाचा भरदार कॉर्ड, असं काही असलं की मी प्रोग्रॅमलाच वाटू देतो. वेळ वाचतो आणि काम चोख होतं. चाल मात्र हातानंच वाटतो. व्हायोलिनची खालची हद्द म्हणजे मधल्या सप्तकाखालची पांढरी पाच. मधल्या काळी एकचा षड्ज धरला, तर मंद्र शुद्ध मध्यम त्या हद्दीच्या खाली जातो. तिथे चाल व्हिओलांना द्यावीच लागते. प्रोग्रॅम ती नेमकी त्या सुराला देतो, मग गाण्याचं अक्षर मध्येच तुटलं तरी. मी शब्द संपतो तिथवर मागे येतो, गायक श्वास घेतो ती जागा शोधतो आणि तिथूनच व्हिओला सुरू करतो.