आटे

गॅरेजवाल्याच्या घरात वाढलेल्या पोराला डोळे मिटूनही तेल ओळखता येते. गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकाचा उग्र दर्प असतो. कपड्यातून तो दोन धुण्यांत जात नाही. अब्बांच्या सदऱ्याला तो कायमचाच होता. मी पुढे शाळामास्तर झालो, पण सोलापूरच्या आमच्या गॅरेजात सुट्टीचे दिवस मीही काढले आहेत. त्यातला एक दिवस सांगायचा राहून गेला आहे.

१९९३ चा एप्रिल. रमजान ईद होऊन महिना झाला होता. मुंबईच्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलींनंतर आमची गिऱ्हाइके एकेक करून गळाली होती. भांडण कुणी केले नाही. फक्त गाड्या यायच्या बंद झाल्या. यायचे ते एक डॉक्टरसाहेब, त्यांच्या पांढऱ्या मारुती ८०० मधून. त्यांच्या गाडीखाली तेलाचे थेंब पडू लागले होते.

अब्बा जोहरच्या नमाजला गेले होते. मी पिटमध्ये उतरलो. गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला, जोडावरच्या एका बोल्टापाशी थेंब लोंबत होता. बोल्ट ढिला असणार, दुसरे काय? बारा नंबरचा पाना लावला. तो घट्टच होता. मग पान्यात पाईप घातला आणि अंगातला सगळा जोर लावला. आधी कर्र झाले. नंतर पाना एकदम हलका फिरू लागला.

ज्याच्या हातून आटे गेले आहेत त्यालाच तो हलकेपणा ठाऊक. पोटात खड्डा पडतो. बोल्ट पोलादाचा, गिअरबॉक्सचे अंग ॲल्युमिनियमचे; दोघांची कुस्ती झाली तर हरायचे कुणी, हे ठरलेलेच. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळून आली. भोकातले आटेच ते.

आमच्याकडचा कारागीर हळूच म्हणाला, “एमसील भरून बसव. महिनाभर कुणाला कळत नाही.” खोटे कशाला सांगू, मी डबीकडे हात नेलाही होता.

एवढ्यात अब्बा आले. काही बोलले नाहीत. रॉकेलचा बोळा घेऊन गिअरबॉक्सचे सगळे अंग त्यांनी स्वच्छ पुसले, गाडी चालवून आणली आणि बॅटरी धरली. तेल वरून, चाकाकडे जाणारा ॲक्सल जिथे आत शिरतो तिथल्या ऑइल सीलमधून येत होते. ओघळत ते खालच्या बोल्टावर जमायचे आणि तिथून टपकायचे. “कां से टपक रा, पैले देखना था ना,” एवढेच म्हणाले. तो बोल्ट बिचारा निर्दोष होता.

त्या रात्रीच्या एसटीने मला पुण्याला धाडले. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हेलिकॉइलचा संच मिळाला. किंमत ऐकून मला घाम फुटला. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची छोटी गुंडाळी, स्प्रिंगसारखी. मेलेले आटे ड्रिलने काढून टाकायचे, तिच्यासाठीच्या खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि त्यांत ही गुंडाळी बसवायची. तिच्या आतल्या बाजूला पुन्हा मूळ मापाचेच आटे मिळतात.

अब्बांनी ड्रिल माझ्याच हातात दिले. आठ मिलिमीटरच्या बोल्टासाठी भोक ८.३ मिलिमीटरचे. ते आरपार नव्हते. जास्त खोल गेलो असतो तर थेट गिअरबॉक्सच्या पोटात. म्हणून ड्रिलला खोलीच्या खुणेची चिकटपट्टी लावली. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले, म्हणजे कीस त्यालाच चिकटून राहतो. वर रॉकेलचे दोन थेंब. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. माझे हात कापत होते. अब्बा बॅटरी धरून उभे होते, आणि तो उजेड मात्र जराही हलत नव्हता. गुंडाळी तोंडापासून किंचित आत बसली, तिच्या तळाची शेपटी मोडून चिमट्याने काढली. नवा सील बसला. शेवटी बोल्ट मीच कसला, पाईप न लावता, आखूड धरलेल्या पान्याने.

संध्याकाळी डॉक्टर आले. मला वाटले, अब्बा सीलचेच सांगतील. एकुलते एक गिऱ्हाईक, आणि दिवस तसले. अब्बा म्हणाले, “साहेब, सील गेला होता, बदलला. पण तुमच्या गिअरबॉक्सचे एक आटे आमच्या पोराने मारले. नवे पाडलेत. पैसे सीलचेच द्या.”

डॉक्टर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. “टिकेल ना, मिस्त्री?”

“आधीपेक्षा मजबूत.”

पैसे देऊन ते गेले. पुढच्या महिन्यात येतील की नाही, यावर घरात कुणी बोलले नाही. अम्मीने मात्र त्या रात्री दुआ जरा लांब मागितली.

ते येत राहिले. २००१ साली त्यांनी गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याला घेऊन आमच्याच गॅरेजात आले. मी त्या दिवशी तिथेच होतो. डॉक्टर पिटच्या कडेला वाकले, खाली बोट दाखवून त्याला म्हणाले, “तो बोल्ट दिसतो ना? तो जरा बेताने कसा.”