बसत नाही, बसवावे लागते

इल्म आणि हुनर हे दोन शब्द आपल्या घरांत रोज ऐकू येतात. इल्म शाळेत मिळते, हुनर गॅरेजमध्ये, शिलाईच्या दुकानात, वेल्डिंगच्या टपरीवर शिकावे लागते, अशी त्यांची वाटणीही आपण करून टाकली आहे. ज्याला पहिले जमत नाही त्याने दुसऱ्याकडे जावे, असा आपला समज. या वाटणीबद्दल आम्हाला जे सांगायचे आहे, ते एका प्लास्टिकच्या विमानाच्या निमित्ताने सांगतो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. मागे नात्यातल्या एकाने नागपूरहून एक डबा आणून दिला. आत मिग-२१ या लढाऊ विमानाचे सुटे भाग होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगड येथे हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला, त्याची बातमी मुलांनी मोबाईलवर पाहिलेली होती. त्यामुळे डबा उघडताना सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला.

हे विमान महाराष्ट्राला परके नाही. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात आले आणि त्याच्या निर्मितीसाठी १९६४ साली नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला. हवाई दलाने वापरलेल्या ८७० हून अधिक मिग-२१ पैकी बरीचशी देशातच तयार झाली. मुलांना आम्ही एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांच्याबद्दलही सांगितले. १९७८ ते १९८१ ते हवाई दलाचे प्रमुख होते आणि १९८२ ते १९८५ महाराष्ट्राचे राज्यपाल. हे नाव वर्गात एकालाही माहीत नव्हते.

डब्यातल्या कागदावर फक्त चित्रे होती. उर्दू, मराठी, इंग्रजी असा प्रश्नच उरला नाही. मॉडेल ७२ पट लहान होते. आम्ही फळ्यावर गणित मांडले: खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे ७१५ सेंटीमीटर. भागिले ७२, म्हणजे साधारण ९.९ सेंटीमीटर. गुणोत्तराचा धडा इतक्या लवकर आम्ही कधी संपवला नव्हता.

पण भाग जुळवायला घेतले आणि एकही धड बसेना. धडाचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवले की एक वर, एक खाली. पंख आणि धड यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट. काही भागांच्या कडांना पापडासारखा पातळ पदर सुटलेला. मुले म्हणाली, "सर, माल खराब है, वापस कर दो."

आम्ही परत केले नाही. आधी कारण समजावून सांगितले. असे भाग पोलादी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबून भरून करतात. प्लास्टिक थंड होताना आकसते. जाड भाग उशिरा थंड होतो, म्हणून तिथे खळगा पडतो. साचा झिजला की त्याच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येते, तोच तो पदर. वस्तू वाकडी निघाली तर तिला कारण असते, आणि कारण कळले की उपायही सुचतो.

उपाय मात्र आमच्यापेक्षा एका मुलाला जास्त ठाऊक होते. मागच्या बाकावरचा हा मुलगा सुट्टीत मामाच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजवर असतो. वर्गात तो बोलत नाही. वाचायला उभे केले की खाली पाहतो. त्या दिवशी तो पुढे आला आणि म्हणाला, "सर, सोल्युशन अभी मत लगाओ. पहले सूखा बिठा के देखो."

मग आठ-दहा दिवस, शाळा सुटल्यावर, त्याने सांगायचे आणि आम्ही सगळ्यांनी करायचे असे चालले. कडांचे पदर ब्लेडने हलके खरवडले. धडाच्या आत प्लास्टिकच्या काड्यांचे आधार देऊन दोन्ही अर्धे एका पातळीत आणले. पंखाजवळच्या रुंद फटीत आइस्क्रीमच्या कपाची पातळ पट्टी कापून बसवली. उरलेल्या बारीक फटींत पुट्टी भरली. एकदम जाड थर दिला तर तो वाळताना तडकतो, म्हणून पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचा आणि पुन्हा थर द्यायचा, असे त्याने दाखवले. वर राखाडी प्रायमर मारला तेव्हा डोळ्यांना न दिसलेल्या तीन रेघा उघड्या पडल्या. मुले हिरमुसली. तो म्हणाला, "प्रायमर इसी वास्ते तो मारते."

विमानाला पुढे एक आणि मागे दोन चाके. मागचा भाग जड, त्यामुळे ते शेपटीवर बसणार हे उघड होते. नाक किती जड करायचे, यावर आम्ही तरफेचा नियम शिकवला आणि धड चिकटवण्याआधीच सायकलच्या दुकानातले छर्रे आत पक्के केले. छर्रे किती लागतील, हे त्या मुलाने बोटावर विमान तोलून आधी सांगितले. आमचे गणित नंतर पूर्ण झाले. उत्तर एकच आले.

याच काळात त्याचे वडील शाळेत आले. आठवी झाली की नाव काढून घेतो, म्हणाले. "पढ़ाई में दिल नहीं इसका. गॅरेज पे हाथ अच्छा चलता." त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. घरात कमावणारे ते एकटे. आम्ही उपदेश केला नाही. विमान त्यांच्या हातात दिले. त्यांनी पंखाच्या जोडावरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला. जोड लागला नाही.

मग आम्ही त्यांना आयटीआयमधल्या फिटर या ट्रेडबद्दल सांगितले. फिटर म्हणजे भाग जुळवणारा, न बसणारे बसवणारा. विमानांच्या कारखान्यातही त्याचे काम असते. मुलाच्या बोटांत ते आहेच. पण या ट्रेडला दहावी पास लागते. आठवीत नाव काढले तर हा हात आयुष्यभर दुसऱ्याच्या गॅरेजवर मजुरी करील. आपल्या कितीतरी मुलांचे हेच होते. हात असतो, कागद नसतो.

ते बराच वेळ गप्प राहिले. अखेर तोड निघाली: दहावीपर्यंत शाळा, सुट्टीत गॅरेज. हा शब्द किती टिकेल, ते कापसाच्या भावावर आणि घरच्या तब्येतींवर अवलंबून आहे, हे आम्हाला कळते.

विमानाला चंदेरी रंग देऊन झाला आहे. मुलगा आता रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतो आणि आमच्याकडे मराठी वाचतो. पुढच्या शिक्षणात ती लागणारच. जोडाक्षरे आली की अडखळतो. परवा 'प्रात्यक्षिक' या शब्दाशी चार वेळा थांबला आणि पुस्तक मिटू लागला. आम्ही म्हटले, "पहले सूखा बिठा के देखो." तो हसला, शब्दाचे तुकडे केले आणि पुन्हा वाचायला लागला.