पांदणीसाठी घेतलेली गाडी

गाडी घेताना मी एकच प्रश्न विचारला: चिखलातून निघेल का? अर्जुनी मोरगाव तालुक्यात सासर, नवेगावबांधच्या पुढे डांबर सुटलं की शेतापर्यंत पांदण, आणि रोवणीच्या दिवसांत तिची होणारी गत, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. बाकीचे प्रश्न नंतर पैसे मोजून एकेक कळत गेले. हल्ली शाळेतले सहकारी ‘आम्हीही फोर बाय फोर बघतोय’ म्हणत विचारायला येतात, म्हणून मी कुठे कुठे चुकले ते सरळच लिहिते.

ही इच्छा नागझिऱ्यात रुजली. चोरखमारा गेटमधून आत गेल्यावर एका ओल्या चढावर जिप्सीच्या चालकाने लहानशी दांडी ओढली आणि गाडी घसरता घसरता सरळ वर गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मनात ठरवून टाकलं. सगळी करामत त्या दांडीची आहे असं मला वाटलं. पण मारुतीची जिप्सी ही १९८५ पासूनची आखूड, अरुंद गाडी, वजन जेमतेम टनभर. तिच्या मागे वनखात्याने राखलेले रस्ते आणि रोज त्याच वाटेने जाणारा चालक असतो. शिवाय ऐन पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंदच ठेवतात, ही गोष्ट मला माहीत असूनही तिचा अर्थ मी लावला नाही. मी नागपूरहून जुनी घेतली ती सात आसनांची, डिझेलवर चालणारी, लांबलचक गाडी, जिप्सीच्या दुपटीहून जड. चारही चाकांना ताकद देण्याची सोय दोन्हींत होती, एवढंच काय ते साम्य.

घराला खरोखर काय हवं होतं याचा विचार मी केलाच नव्हता. सासूबाईंचे गुडघे दुखतात. उंच पायरीवर पाय टाकून आत चढणं त्यांना जमत नाही. त्यासाठी एक लाकडी पाट कायम गाडीत ठेवावा लागला. तिसऱ्या ओळीत मुलं बसली की मागे सामानाला वीतभरही जागा उरत नाही, आणि आम्ही गावाहून येताना वर्षाचे तांदूळ चुंगड्यांतून आणतो. म्हणजे माणसं तरी न्यायची, नाहीतर तांदूळ. बघायला गेलो तेव्हा मागची आसनं उघडून, सगळ्यांना बसवून, एक चुंगडी ठेवून पाहिली असती तर हे तिथेच कळलं असतं. मी फक्त गाडीची उंची पाहिली.

आपल्याकडे बुटकी, लांब, मागे भरपूर सामान घेणारी घरगुती गाडी फार रुजलीच नाही. १९९२ ला टाटा इस्टेट आली, २००४ ला इंडिगो मरिना आली; दोन्ही गेल्या. चारही चाकांची सोय आणि घरगुती ऐसपैसपणा एकत्र आणणारी टाटा आरिया २०१० ला आली, तीही काही वर्षांत बंद झाली. लोकांना उंच गाडी आवडते, आणि त्या लोकांत मीही होते. आमच्यासारख्या कुटुंबाला मात्र त्या बुटक्या, लांब गाड्यांचाच साचा जास्त सोयीचा आहे, हे आज मी ठामपणे सांगते.

आता पांदणीकडे येते. पहिल्याच रोवणीला मी मोठ्या विश्वासाने गाडी आत घातली. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील लावून बांधीतून बांधीत जातात आणि पांदणीवरून गेले की दोन खोल नाल्या पाडतात. त्या नाल्यांची खोली ट्रॅक्टरच्या पोटाच्या हिशोबाची असते, मोटारगाडीच्या नाही. मी बटण फिरवलं, गाडी थोडी पुढे गेली आणि मग चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. उतरून पाहिलं तर टायरची नक्षी दिसतच नव्हती. कन्हार माती खाचांत गच्च बसून टायर गुळगुळीत झाले होते. गाडीला टायर होते महामार्गाचे, उथळ नक्षीचे. ताकद दोन चाकांना जावो की चार, जमिनीला धरतो तो टायरच. त्यालाच पकड नसेल तर चार चाकं मिळून चार खड्डे करतात. दुसऱ्यांदा वाट टाळून धुऱ्यावरून काढायला गेले तर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि गाडीचं पोट धुऱ्यावर. लांब गाडीचं हे दुखणं कागदावरच्या ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यात दिसत नाही. दोन्ही वेळा ट्रॅक्टरने ओढून काढलं आणि दोन्ही वेळा लोकांची रोवणी खोळंबली, याचं मला जास्त वाईट वाटतं. मजूर बांधीत कमरेत वाकून उभे होते आणि त्यांचा ट्रॅक्टर माझी गाडी ओढत होता.

त्यानंतरची चूक उलट्या दिशेची. चार चाकं लावली की गाडी रस्ता जास्त धरते असं समजून मी पावसाळाभर कोहमारा ते गोंदिया रस्त्यावर ते बटण लावूनच चालवायची. पाऊस थांबून डांबर वाळलं तरी काढत नसे. गोरेगावात वळताना गाडी ब्रेक लागल्यासारखी अडायची, खालून कटकट आवाज यायचा. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, व्हायचंच. गोंदियातल्या मेकॅनिकने गाडी वर उचलली, प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून दाखवला आणि म्हणाला, “मॅडम, क्रॉस गेले. डांबरावर फोर व्हील लावता का?” मग त्याने जमिनीवर खडूने वळण काढून समजावलं. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलाईवरून जातात, मागची लहान. आमच्या गाडीत चार चाकं लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात; मधे तो फरक पचवणारा डिफरन्शियल नाही. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक सोडून देतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून सगळा ताण शाफ्टवर, गिअरवर आणि टायरवर येतो. काही गाड्यांत असा मधला डिफरन्शियल असतो किंवा ताकद आपोआप मागेपुढे जाते, त्यांना डांबर चालतं. आपली गाडी कोणत्या जातीची, हे घेण्याआधी विचारायचं असतं. त्यात मी पुढचे दोनच टायर नवीन टाकले होते. मागचे झिजलेले म्हणजे घेराने लहान, त्यामुळे सरळ रस्त्यावरही तोच ताण चालू होता.

हे ऐकून मी घाबरले आणि ते बटण हातच लावायचं सोडलं. पुढच्या पावसाळ्यात खरंच गरज पडली तेव्हा ते लागेना. न वापरल्याने आतली यंत्रणा आखडली होती आणि ट्रान्सफर केसचं तेल कधी बदललंय हे मलाच ठाऊक नव्हतं. आता महिन्यातून एकदा गावाजवळच्या मुरमाच्या रस्त्यावर थोडं अंतर चार चाकं लावून चालवते. एवढं पुरतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र रपट्यावर झाली. तान्हा पोळा आटोपून आम्ही गोंदियाला परत निघालो होतो. रात्रभर पाऊस पडून गेला होता. गावाबाहेरच्या नाल्याच्या रपट्यावरून गढूळ पाणी चाललं होतं. कडेचे दगड दिसत नव्हते. अलीकडे एक काळीपिवळी उभी होती. तिचा चालक प्रवाशांना उतरवून निवांत चहा पीत होता. रोज त्याच रस्त्याने दोन चाकांवर भरलेली गाडी नेणारा तो माणूस थांबला होता, आणि मी त्याच्या बाजूने पुढे गेले. गाडीत सासूबाई होत्या, दोन्ही मुलं होती. माझ्या गाडीला चार चाकं लागतात, एवढ्याच भरवशावर मी पाण्यात उतरले.

अर्ध्यात पोचल्यावर स्टिअरिंग हलकं झालं. मागचा भाग उताराकडे हळूच सरकला, एवढा हळू की आधी मला भासच वाटला. पुराबद्दलच्या सूचनांत एक साधा हिशोब सांगतात: पाणी एक फूट चढलं की गाडीचं सुमारे ७०० किलो वजन ते उचलून धरतं, आणि वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं की बहुतेक गाड्या वाहून जाऊ शकतात. वजनच उचललं गेलं तर चाकं दोन फिरोत की चार, ती खाली टेकतच नाहीत. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, बॉनेटसमोर पाण्याची लाट उठली आणि इंजिन बंद पडलं. मी चावी फिरवली. टक असा आवाज आला. पुन्हा फिरवली.

काठावरून दोरी घेऊन आलेला गावचा एक माणूस काच ठोकून ओरडला, “वहिनी, चाबी नका मारू आता! इंजिनात पाणी गेलं.” मुलांना खांद्यावर घेऊन लोकांनी काठावर नेलं. सासूबाईंना दोघांनी धरून आणलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मला दुरुस्तीच्या बिलापेक्षा जड गेली.

नागपूरला इंजिन उघडलं तेव्हा एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी मारली की पिस्टन त्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेलं इंजिन न छेडता ओढून नेलं, फिल्टर आणि तेल बदलून आतलं पाणी काढलं, तर बरेचदा वाचतं. विम्याचाही उपयोग झाला नाही. पाण्यात चावी मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. मी ते घेतलं नव्हतं, कारण पॉलिसी घेताना वाचलीच नव्हती.

गाडी आजही आमच्याकडे आहे. चारही टायर एकसारखे, खोल नक्षीचे घातलेत, हवा भरायचा छोटा पंप मागे ठेवलाय, आणि रोवणीत पांदणीच्या तोंडाशी गाडी लावून आम्ही शेतापर्यंत पायी जातो. आज पुन्हा घ्यायची झाली तर मी साधी, दोन चाकांवर चालणारी, मागे सामानाला जागा असलेली बुटकी गाडी घेईन आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर. ज्यांचं रोजचं कामच जंगलात किंवा डोंगरात आहे त्यांची गोष्ट वेगळी.

ग्रामपंचायतींना माझी एक विनंती आहे. रपट्याच्या दोन्ही टोकांना फूट दाखवणारा रंगवलेला खांब उभा करा. खर्च किरकोळ आहे, आणि अनोळखी माणसाला पाणी किती आहे हे गाडीतूनच कळेल. आणि वाचकांना एवढंच सांगते, की रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी कुठलीही असो, अलीकडेच थांबा. आपल्याकडचे लहान नाले जसे झपाट्याने चढतात तसेच उतरतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रपटा मोकळा झाला होता आणि काळीपिवळी आपले सगळे प्रवासी घेऊन पलीकडे गेली होती.