इथे कुणी हरत नाही!

नागपूरहून गडचिरोली, तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना साग, बांबू, मोह... आणि मोबाइलची रेंज? अधूनमधून. मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. ‘साइट-सीइंग’ म्हणाल तर शून्य. बघायची आहे ती इथली ग्रामसभा.

बॉस, या ग्रामसभेत बहुमत चालत नाही! निर्णय सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असेल तरी विषय थांबतो, पुन्हा चर्चा होते. बायका-पुरुष बरोबरीने बसतात. गावातली दारूबंदीसुद्धा अशीच, सगळ्यांना पटवत पटवत झालेली. वेळखाऊ? आहेच. पण बहुमतात ५१ जिंकतात तेव्हा ४९ हरतात, आणि हरलेला माणूस कामाला हात लावत नाही. इथे हरलेलं कुणीच नसतं, त्यामुळे निर्णय झाला की सगळेच कामाला लागतात.

सोबत माझी एक मैत्रीण होती. हे ऐकून ती गप्पच झाली. तिच्या ऑफिसात अप्रेझलला बेल कर्व्ह होता. टीममधल्या सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी एक-दोघांना तळाला टाकायचंच, असं ते गणित. एका मार्चमध्ये तळाला ती होती. नोकरी गेली. तिच्या बाजूने कुणी बोललं नाही. बोलणाऱ्याचा स्वतःचा नंबर लागला असता ना!

मेंढ्याने एकत्र राहून काय कमावलं, तेही बघा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला मात्र २०११ उजाडलं. ते द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. बांबूचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला. २०१३ मध्ये तर गावाने ग्रामदानाचाच निर्णय घेतला. म्हणजे जमिनीची मालकी गावाची. कसायची ज्याने-त्याने, पुढे मुलांनीही. पण परस्पर बाहेरच्याला विकायची नाही. ज्याची जमीन जास्त, त्याने सोडलंही जास्त. आपल्याकडे पार्किंगच्या स्लॉटवरून सोसायटीत मारामाऱ्या होतात!

देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल, ही नावं या प्रवासाशी कायमची जोडलेली. पण गावात शिरल्यावर जाणवतं, की इथे कुणाचाही ‘लीडर’ म्हणून कटआउट नाही. एकाला जे समजतं ते अभ्यासगटात बसून सगळ्यांना समजावलं जातं. शहाणपण स्वतःपाशी दाबून ठेवलं तर त्या माणसाचा भाव वाढत नाही, गावाचं काम अडतं, इतकं साधं लॉजिक.

जाणार असाल तर आधी ग्रामसभेला कळवून, त्यांच्या सोयीने जा. ते गाव आहे, रिसॉर्ट नव्हे.

मैत्रीण आता नव्या कंपनीत आहे. बेल कर्व्ह तिथेही आहे. तरी नवीन आलेल्या दोन मुलांना ती रोज अर्धा तास बसून काम शिकवते. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. ‘नसू दे,’ म्हणाली.